छोटे, स्टॅम्पिंगला येण्याआधी

छोटे, तिकीट अजून काढू नकोस. रामनवमीला पोहरादेवीला येते म्हणालीस आणि तेवढ्यावर आईने, आपल्या याडीने, पाहुण्यांची यादी धरली. यात्रा बघ, सेवालाल महाराजांच्या समाधीवर डोकं टेकव, जगदंबेला भोग लाव, मला काही म्हणायचं नाही. पण या खेपेला तू नुसती सुट्टीवर येत नाहीयेस. पहिल्यांदा अमेरिकेच्या एच-वनचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंग करायचंय, तेही मधे कंपनी बदलून. यात्रेचा दिवस पंचांगात ठरलेला असतो, व्हिसाचा दिवस पोर्टल देतं. आधी पोर्टलची तारीख हातात येऊ दे, मग विमानाचं बघू. परतीचं तिकीट तर बदलता येणारंच काढ, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ दे.

पहिल्यांदा घरच्यांचा गोंधळ मिटवू, कारण बा मला दिवसाआड फोन करतो. "तिच्याकडे व्हिसा आहेच ना, मग परत कसला?" त्याला मी सांगितलं, की तिच्या पासपोर्टवर आजही एफ-वनच आहे, विद्यार्थिनीचा, आणि तोही संपलेला. शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, ओपीटीवर, असताना पहिल्या कंपनीने लॉटरीत नाव टाकलं, नंबर लागला, आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत तिचा दर्जा एच-वन झाला. म्हणजे राहायची, काम करायची परवानगी आहे; पण एकदा बाहेर पडल्यावर परत आत जायला पासपोर्टवर व्हिसा लागतो, आणि तो बाहेरच्या वकिलातीतून घ्यावा लागतो. मधे दुसऱ्या कंपनीने ट्रान्सफर करून घेतलं, म्हणून आता व्हिसावर नाव येईल ते नव्या कंपनीचं. "मग परत चिठ्ठ्या टाकणार का?" नाही. लॉटरीत एकदा मोजली गेलीस की ट्रान्सफरसाठी परत लॉटरी नसते.

आणि ते एच-वनच्या अर्जामागचं एक लाख डॉलरचं शुल्क. सप्टेंबर 2025 मध्ये टीव्हीवर ती बातमी चालली त्या रात्री बाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो हुकूम 21 सप्टेंबर 2025 पासून दाखल होणाऱ्या नव्या अर्जांसाठी आला. महिन्याभराने, 20 ऑक्टोबरला, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, यूएससीआयएसने, खुलासा केला, की अमेरिकेत राहून ज्यांचा दर्जा बदलला किंवा मुदत वाढून मिळाली त्यांना ही रक्कम लागत नाही, आणि त्याच मंजुरीवर ते पुढे बाहेर जाऊन व्हिसा मागायला गेले तरी लागत नाही. तू यातच बसतेस. तरी तुझ्या दोन्ही अर्जांच्या तारखा टाकून कंपनीच्या वकिलाकडून एवढं ईमेलवर लिहून घे आणि त्याची प्रिंट फाइलमध्ये ठेव. बाला वाचून दाखवायलाही उपयोगी पडेल.

आता मुद्द्याचं. वकिलातीत खिडकीपलीकडच्या माणसाकडे तुझ्यासाठी दोन-चार मिनिटं असतात. त्याला एवढंच बघायचं असतं, की अमुक तारखेपर्यंत ही जुन्या कंपनीत होती, अमुक तारखेपासून नव्या कंपनीत आहे, मधे कुठे लटकलेली नव्हती, आणि आजही ही नोकरी खरीच चालू आहे. कंपनी बदललेल्या मुली नव्या कंपनीचे कागद हौसेने गोळा करतात आणि जुनीचं नाव काढायलाही कचरतात, जणू काही पाप केलंय. उलट कर. जुन्या कंपनीचे कागद आधी लाव. तुझा एच-वन तिथून सुरू झाला, तो धागा तुटलेला दिसता कामा नये.

आणि ते आजच मिळव. नोकरी सोडली की पगाराच्या पोर्टलचं लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही. माझ्या वेळी जुन्या कंपनीचं लॉगिन असंच बंद पडलं, आणि एका पेस्लिपसाठी मी एचआरच्या मागे इतकी लागले, की शेवटी तिथली बाई माझा आवाज ओळखायला लागली. तुला जुन्या कंपनीतून हवं ते असं: पहिलं आय-797 (मंजुरीची नोटीस), त्यांची एलसीए (श्रम खात्याकडचा पगाराचा नि कामाच्या जागेचा अर्ज), शेवटच्या तीन-चार पेस्लिपा, डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचा दाखला), आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असलेलं पत्र. शेवटची पेस्लिप फार महत्त्वाची. तिच्यावरचा पगाराचा शेवटचा दिवस आणि नव्या कंपनीच्या पहिल्या पेस्लिपचा पहिला दिवस शेजारी-शेजारी ठेवून बघ. मधे चार-सहा दिवस असतील तर घाबरायचं कारण नाही. नोकरी सुटल्यावर 60 दिवसांपर्यंतची सवलत नियमातच आहे, 2017 पासून. पण किती दिवस होते ते तुला तोंडपाठ हवं. तिथे "बहुतेक", "साधारण" चालत नाही.

वर्षाच्या मधे नोकरी बदललीस ना? मग त्या वर्षाचे दोन डब्ल्यू-टू असणार आणि टॅक्स रिटर्नमध्ये दोन्हींची बेरीज असली पाहिजे. रिटर्न भरून देणाऱ्याने घाईत एकच धरलेला असेल तर ते आधी दुरुस्त करून घे. आयआरएसच्या संकेतस्थळावरून ट्रान्सक्रिप्ट काढता येतं, तेच सोबत ठेव.

नव्या कंपनीकडून मंजुरीच्या आय-797 ची मूळ प्रत. नुसती अर्ज मिळाल्याची पावती नव्हे, हे नीट बघ. पावतीवर तू काम सुरू करू शकतेस, पण व्हिसा मिळायला मंजुरीच लागते. त्याबरोबर कंपनीने भरलेल्या आय-129 अर्जाची संपूर्ण प्रत माग, पहिली चार पानं नव्हे, आणि ती एक रात्र बसून वाच. तुझ्या कामाचं वर्णन वकिलाने त्यात काय लिहिलंय ते तुलाच माहीत नसेल तर खिडकीवर काय बोलशील? कंपनीचं पत्र ताजं हवं: पद, पगार, काम, रुजू तारीख, आणि नोकरी चालू असल्याचं एक सरळ वाक्य. क्लायंटच्या जागेवर काम करत असशील तर क्लायंटचंही पत्र.

एलसीए मात्र वेगळी काढून बस. तिच्यावर दोन गोष्टी बघायच्या, पगार आणि कामाचा पत्ता. पेस्लिपमधला वर्षाचा पगार एलसीएवरच्या आकड्यापेक्षा कमी दिसता कामा नये. आणि तू मागच्या वर्षी मैत्रिणीबरोबर दुसऱ्या गावात राहायला गेलीस, घरूनच काम करतेस. ते नवं घर एलसीएवरच्या ठिकाणापासून रोज जाण्यायेण्याच्या टप्प्यात आहे का? नसेल तर कंपनीने सुधारित अर्ज भरायला हवा होता. हे वकिलाला आत्ताच विचार. पेस्लिपवर एक गाव, एलसीएवर दुसरं आणि डीएस-160 या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तिसरं, अशी वेळ येऊ देऊ नकोस.

डीएस-160 वर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या पोरी तिथेच अडकतात.

पहिलं म्हणजे नाव. अमरावती विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तू कशी आहेस? आधी राठोड, मग तुझं नाव, मग बाचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि तुझं नि बाचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. अमेरिकेतल्या विद्यापीठाने बाचं नाव गाळून टाकलं. एकाच मुलीची ही तीन रूपं आपल्याला सवयीची आहेत, पण फॉर्ममध्ये पासपोर्टचंच रूप चालतं, अक्षरन् अक्षर. आय-797 वरचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून बघ. तिथे एक अक्षर जरी चुकलं असलं तरी दुरुस्ती कंपनीच्या वकिलाकडून होते, त्याला वेळ लागतो. आणि लग्नाचं ठरलंच तर आडनाव बदलायची घाई या गडबडीत नको. सासरच्यांना मी सांगेन.

दुसरं, जन्म. तुझ्या दाखल्यावर "मु. पोहरादेवी, ता. मानोरा, जि. अकोला" असं आहे आणि धाकट्या भावाच्या दाखल्यावर जि. वाशीम. तू जन्मलीस तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता, तो 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा निघाला. यावरून आपल्याकडे तहसीलमध्ये किती चकरा झाल्यात ते तुला माहीत आहे. पण इथे जीव खालीवर करू नकोस. फॉर्म गाव, राज्य आणि देश विचारतो, जिल्हा विचारतच नाही. जन्मतारीख 1 जून, मास्तरांनी लावलेली. तांड्यावरच्या अर्ध्या पोरांची तीच आहे. पासपोर्टवर तीच, दहावीच्या सनदेवर तीच, मग फॉर्मवरही तीच. याडी सांगते त्या पोळ्याच्या आसपासच्या दिवसाला इथे जागा नाही.

तिसरं, एक प्रश्न असा येतो, की तू कुठल्या कुळाची किंवा जमातीची आहेस का? बऱ्याच जणी डोळे मिटून "नाही" टिचकवतात. आपण काय लिहायचं? महाराष्ट्रात आपण विमुक्त जाती अ, तेलंगणात आपलेच सोयरे अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. राज्याची हद्द ओलांडली की रकाना बदलतो, माणूस तोच. मी "होय" करून "बंजारा" लिहिलं, कारण ते खरं आहे आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. खिडकीवर त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त एफ-वनच्या वेळी तू काय भरलं होतंस ते जुन्या ईमेलमध्ये शोध. तेव्हा वेगळं भरलं असशील तर वकिलाला सांगून ठेव. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर गोरमाटीही लिही. घरी आपण तीच बोलतो.

मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या विचारतात, तिथे जुनी कंपनी तारखांसकट आली पाहिजे. आधी कधी व्हिसा नाकारला होता का, यालाही खरंच उत्तर दे. पहिल्यांदा एफ-वन नाकारला होता, दुसऱ्यांदा मिळाला. त्यांच्याकडे ते आहेच. फॉर्म भरताना थोडा वेळ हात थांबला की पान बंद पडतं, म्हणून अर्जाचा क्रमांक लिहून ठेव आणि दर पानाला सेव्ह कर. भरून झाल्यावर बारकोडचं पान येतं. अपॉइंटमेंट घेताना त्याच बारकोडचा क्रमांक टाकायचा. नंतर काही बदलायला नवा फॉर्म भरलास तर बारकोडही बदलतो आणि अपॉइंटमेंटवरचा जुनाच राहतो. ते जुळवल्याशिवाय दारात जाऊ नकोस.

सोशल मीडियाची खाती फॉर्ममध्ये 2019 पासून विचारतातच. आता 15 डिसेंबर 2025 पासून एच-वन आणि त्यांच्या घरच्या एच-फोरवाल्यांनाही ती सगळी पब्लिक ठेवायला सांगतात. तुझ्या लेंगी गाण्याच्या रीलला कोणी काही म्हणणार नाही. पण लिंक्डइन उघडून बघ: अजून जुन्याच कंपनीत आहेस तू तिथे! रुजू तारीख, पद, गाव, सगळं पत्राशी जुळव. विसरलेली खाती आठव आणि फॉर्ममध्ये लिही. घाबरून खाती पुसायला बसू नकोस, ते जास्त वाईट दिसतं.

सोशल मीडियाच्या याच तपासणीपायी डिसेंबर 2025 मध्ये काय झालं ते तू बघितलंस. भारतातल्या हजारो जणांच्या मुलाखती एका ईमेलवर मार्चवर आणि त्याही पुढे ढकलल्या. लोक सुट्टी घेऊन येऊन बसलेले, मुलांच्या शाळा तिकडे, गाड्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये. दूतावासाने वर हेही सांगितलं, की जुन्या तारखेला दारात आलात तर आत घेणार नाही. ड्रॉपबॉक्सने पासपोर्ट नुसता टाकून यायची सोय सप्टेंबर 2025 पासून एच-वनला जवळपास राहिलीच नाही. मेक्सिकोला जाऊन पटकन उरकते असंही आता नको. आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच अर्ज करा, असं परराष्ट्र खातं सांगतं.

म्हणून निघण्याआधी मॅनेजरशी, आणि त्याच्या वर एचआरशी, एक गोष्ट लेखी कर: मी अडकले तर किती दिवस भारतातून काम करू द्याल, आणि त्यानंतर बिनपगारी रजा की काय? नव्या कंपनीत तुला पुरतं वर्षही झालेलं नाही, "बघू" या शब्दावर विमानात बसायचं नाही. कंपनीचा लॅपटॉप भारतात आणायची परवानगी आहे का तेही विचार. आणि पोहरादेवीत नेट कसं आहे ते तुला मी सांगायला नको. अडकलीसच तर माझ्याकडे पुण्याला ये, खोली रिकामीच आहे.

फाइलचं सांगते. एफ-वनच्या वेळी बाचा सातबारा, सोयाबीनच्या पट्ट्या, बँकेचं कर्जपत्र, काय काय घेऊन गेलो होतो आपण, "मी परत येणार" हे पटवून द्यायला. एच-वनला ते पटवावं लागत नाही. जातीचा दाखला नको, व्हॅलिडिटी नको, नॉन-क्रिमिलेअर नको. आयुष्यात पहिल्यांदा आपण एखाद्या सरकारी दारात हे तीन कागद न घेता जातोय! वर पासपोर्ट, जुने पासपोर्ट, बारकोडचं पान, अपॉइंटमेंटचं पान. मग नवं आय-797, पत्र, पेस्लिपा, एलसीए. त्याखाली जुनी कंपनी. सगळ्यात खाली पदव्या, गुणपत्रिका, विद्यार्थी असतानाचे सगळे आय-20 आणि ओपीटीची कार्डं. लॅमिनेशन केलेलं काही नको. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. मानोऱ्याच्या स्टुडिओत पासपोर्टचा म्हणून काढलास तर मापात फरक पडेल, माप लिहून दे.

मुंबईला दोन खेपा होतात, एक बोटांच्या ठशांची, एक बीकेसीत वकिलातीतली मुलाखत. कारंज्याहून समृद्धीने आता सरळ रस्ता आहे, पण मुलाखतीच्या दिवशी पहाटे उतरून तशीच जाऊ नकोस. आधीच्या दिवशी ठाण्याला आपल्या भावाकडे, भियाकडे, मुक्काम कर. फोन, बॅग, चार्जर आत चालत नाही, ते भिया बाहेर सांभाळेल. म्हणजे जे काही दाखवायचं ते कागदावरच.

विचारतील ते साधंच असतं. कुठल्या कंपनीत, काय काम, किती पगार, कधीपासून, आधी कुठे होतीस, का सोडलं. शेवटच्याला आपण घरी देतो तसं लांबलचक उत्तर नको. तुझं जे खरं आहे, पद मोठं मिळालं आणि काम तुझ्या शिक्षणाच्या जवळचं होतं, तेवढं दोन वाक्यांत. जुन्या साहेबाची उणीदुणी तिथे काढायची नाहीत. विचारतील तेवढंच सांग, मागतील तोच कागद दे. आणि माहीत नसेल तर "मला आत्ता आठवत नाही, कागदात बघून सांगते" असं म्हण. त्यात कमीपणा नाही.

221(जी) ची चिठ्ठी दिली तर रडत बाहेर येऊ नकोस. तो कायमचा नकार नसतो, कुठला तरी कागद हवाय किंवा तपासणी बाकी आहे एवढंच. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट वाच, त्याच दिवशी वकिलाला पाठव. आणि गावात सांगायची गडबड करू नकोस. नाहीतर संध्याकाळपर्यंत "पोरीचा व्हिसा कॅन्सल झाला" असं मानोऱ्याच्या बसस्टँडवर ऐकू येईल.

पासपोर्ट परत कुठे घ्यायचा ते अपॉइंटमेंटच्या वेळीच विचारतात. घरपोच पोहरादेवीचा पत्ता टाकण्यापेक्षा तुला स्वतःला जाता येईल असं केंद्र निवड. पासपोर्ट हातात आला की तिथल्या तिथे व्हिसा वाच: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, खाली नव्या कंपनीचं नाव आणि मंजुरीची शेवटची तारीख. चूक असेल तर लगेच कळव, विमानतळावर नव्हे. तुझ्या पासपोर्टची मुदतही बघून ठेव. ती मंजुरीच्या आधी संपत असेल तर तिकडे उतरल्यावर आय-94 वरची राहायची मुदत पासपोर्टच्याच तारखेपर्यंत देऊ शकतात, आणि ते लक्षात न राहून लोक फसतात. मुदत थोडी असेल तर पासपोर्ट आताच नवा करून घे आणि एफ-वनवाला जुना सोबत ठेव. उतरल्यावर दोन-चार दिवसांत संकेतस्थळावरून आय-94 काढ, तारीख बघ आणि एचआरला पाठव.

तर आज रात्री एवढंच कर: जुन्या कंपनीच्या पोर्टलमध्ये शिर आणि जे जे उतरतं ते उतरवून घे. आय-129 ची प्रत उद्या वकिलाला माग. आणि तारीख मिळाली की आधी मला कळव, याडीला नंतर. तिला आधी सांगितलंस तर भोगाला किती माणसं बोलवायची यावर दोन तांड्यांची बैठक बसेल, आणि तुला तारीख बदलायची म्हटलं तरी बदलता येणार नाही.